आधी पाटी, मग पान

तुमच्याकडच्या त्या मोठ्या रानाचे फोटो मिळाले. गाडीच्या खिडकीपाशी येऊन उभं राहिलेलं हरीण आणि धाकटीच्या हातातलं प्रवेशाचं तिकीट, दोन्ही नीट दिसतात. सोबत तुम्ही लिहिलं आहे की तिथे फिरायला येणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे घेतात आणि ते त्या रानातल्या जनावरांसाठीच खर्च होतात. आणि मग विचारलं आहे, "आजी, आपल्याकडे असं कधी कुणाला सुचलं नाही का?"

सुचलं होतं. तुमच्या पणजोबांनाच सुचलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते मी क्रमानेच सांगते, कारण मधूनच सांगितलं तर त्यात कुणीतरी लबाड होतं असं वाटेल. तसं कुणी नव्हतं.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका लहानशा संस्थानात जंगल खात्याचे अधिकारी होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी कुंडलला काढली. मी साताऱ्याला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. कुंडल माझ्या वाट्याला यायचं ते दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. त्यामुळे तिथल्या आठवणी सलग नाहीत, सुट्टी-सुट्टीच्या आहेत. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यानंतरची ती एक-दोन वर्षं.

गावाला लागून डोंगर, माथ्यावर शिवाचं देऊळ. करवंदी, बोरी, हिवर, कुठे कुठे धावड्याची झाडी आणि बाकी सगळा खडक. अर्ध्या चढावर, दोन सोंडांच्या बेचक्यात, दगडी बांध घातलेलं एक जुनं तळं होतं. पावसाळ्यात ते भरायचं, पण उन्हाळाभर पाणी टिकायचं ते तळातल्या झऱ्यामुळे. दर वर्षी पावसाबरोबर वरून माती वाहून यायची आणि त्या झऱ्यावर बसायची. ती काढली तर झरा चालू राहायचा, नाही काढली तर चैत्रातच तळं आटायचं. डोंगरावर दुसरं पाणी नव्हतं. भेकरं, हरणं, मोर, साळिंदरं, सगळ्यांचा उन्हाळा त्या एका झऱ्यावर निघायचा. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

तळ्याच्या काठाला एक करंज होता आणि त्याच्या फांद्यांना बांबूच्या पाट्या टांगलेल्या असायच्या. त्या कुणा एकाच्या नव्हत्या. फाटली की कुणीतरी नवी आणून टांगायचं. रीत अशी होती की डोंगरावर जो कुणी वनभोजनाला येईल, त्याने आधी पाटीभर गाळ काढून बांधापलीकडे टाकायचा आणि मगच जेवायला बसायचं. आधी पाटी, मग पान. कार्तिकात काठाचा गाळ निघायचा, पाणी जसं आत सरेल तसा पुढे शिवरात्रीला, चैत्रात मधला. लहान मुलांना करवंटी द्यायचे. आणि नव्या जोडप्याची तर फजितीच असे. दोघांनी मिळून एकच पाटी धरून बांधापर्यंत न्यायची आणि नवरीने उखाण्यात नाव घेतल्याशिवाय ती खाली टेकवू द्यायची नाही. गाळ ठिबकून नवं लुगडं भरलेलं, हात भरून आलेले, आणि नवरीला उखाणा आठवत नाहीसा झालेला. बायका म्हणायच्या, "घे बाई लवकर, न्हाईतर नवरा हितंच बसंल रुतून."

आमच्या घराजवळ एक सुभेदार राहायचे. पहिल्या महायुद्धात परदेश पाहून आलेले, पांढऱ्या मिशांचे, ऊस पिकवणारे. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे आवळीभोजनाला वर गेलो होतो, सुभेदारांच्या घरची मंडळीही होती. बांधाच्या कडेला एक अनोळखी माणूस बंदूक घेऊन बसलेला दिसला. सुभेदार त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कुठलं पावणं?"

"तासगावचा."

"पाटी टाकली?"

"कसली पाटी?"

"मग उठा. ह्या पाण्यात माझ्या आज्याची पाटी हाय, बापाची हाय, आन् ह्या आमच्या कारभारणीची लगीन झाल्यापास्नंची हाय. तुमची एक बी न्हाई. मग हितं बंदूक घिऊन कसं बसता?"

सुभेदारांच्या बायको मागून म्हणाल्या, "आवं, जेवूनशान तरी जाऊ द्या त्यास्नी. घरी बायकू म्हणंल, कुंडलकरांनी उपाशी धाडलं."

तो माणूस ओशाळला. बंदूक करंजाला टेकवून त्याने एक पाटी काढली आणि आमच्याच पंगतीला बसला. भाकरी त्याला सुभेदारांनी स्वतः वाढली. तो मोर मारायला आला होता आणि आवळ्याचं लोणचं बांधून घेऊन परत गेला.

पण असे सगळेच जमवून घेणारे नव्हते. हळूहळू बाहेरचे लोक वाढले. सांगलीहून, माधवनगरच्या गिरण्यांतून रविवारी रेल्वेने मंडळी यायची. स्वच्छ धोतरं, पायात बूट, कुणाजवळ ग्रामोफोन. पाटी म्हटलं की हसायची. पत्रावळी तळ्यात टाकून जायची. त्यात एखाद्याजवळ बंदूक असायची, आणि सुभेदार काही रोज वर नसायचे. त्या आवळीभोजनानंतरच्या उन्हाळ्यात कुणीतरी पाण्यावर आलेली एक भेकराची मादी मारली. तिचं पाडस दोन दिवस तिथेच ओरडत होतं. भेकराचं ओरडणं कुत्र्याच्या भुंकण्यासारखं असतं. अण्णांनी ते ऐकलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

पुढच्या ज्येष्ठात त्यांची नोकरी संपणार होती. ते आईला म्हणायचे, "माझ्यामागे हे पाणी कुणाच्या तरी चांगल्या स्वभावावर टांगलेलं राहू नये. काहीतरी कायमची व्यवस्था पाहिजे."

ही व्यवस्था त्यांना इंग्रजी अहवालांत सापडली. कुठेतरी परदेशात सरकारी रानात फिरायला जाणाऱ्यांकडून शुल्क घेतात, त्यातून राखणदार ठेवतात, पाणवठे बांधतात, असं त्यांनी वाचलं. पुढच्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा संस्थानची मंजुरी आलेली होती. डोंगराच्या पायथ्याशी चौकी बांधायची, वर जाणाऱ्या प्रत्येकाने थोडे पैसे भरायचे, त्या पैशातून दोन राखणदार आणि दर वर्षी गाळ काढायला मजूर. अण्णांनी मला ते सगळं समजावून सांगितलं तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. आजही ती योजना कागदावर वाचली तर तिच्यात चूक काढता येणार नाही.

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "सांगलीकरांकडून घ्या हो. गावाकडून कशाला?"

"डोंगर सरकारी आहे. जो फिरायला जाईल त्याने द्यावं. एकाला एक नियम नि दुसऱ्याला दुसरा, असं कसं चालेल?"

"खानावळीत येणाऱ्याकडून पैसे घ्यावेत, ते ठीक. घरच्या सुनेकडून घेतलेत, तर उद्या ती पानं कशाला वाढेल?"

अण्णा हसले. "तुझी प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातच येऊन थांबते."

"तिथेच तर जेवता," आई म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

पाटीची रीत बंद करावी असं अण्णांच्या मनातही नव्हतं. पैसेही येतील आणि पाटीही चालू राहील, असं त्यांनी धरलं होतं. इतकं धरलं होतं की ते कुणाला सांगायचीही गरज त्यांना वाटली नाही.

त्या कार्तिकात आवळीभोजनाला अण्णा स्वतः चौकीपाशी उभे होते. सुभेदार घरची मंडळी घेऊन आले. राखणदार ओळखीचाच, फौजेतून सुटून आलेला. सुभेदार त्याला म्हणाले, "काय रं, म्हातारीचं बी पैसं? तिचं अर्धं घे की गड्या, तिला दिसतं बी अर्धंच."

त्यांच्या बायको म्हणाल्या, "माझं अर्धं घे आन् ह्यांचं दीड घे. तोंडाचं येगळं."

सगळे हसले, अण्णाही. सुभेदारांनी सगळ्यांचे पैसे मोजून दिले. मी त्यांच्याबरोबर वर गेले.

वर माधवनगरची बरीच मंडळी आधीच जेवायला बसलेली होती. एका म्हातारीने त्यांना पाटीचं विचारलं, तर एक जण चांगल्या शब्दांत म्हणाला, "आजी, आम्ही खाली पैसे भरलेत." त्याचं काही चुकलं नव्हतं. मग गावातले दोघे-तिघे करंजाकडे न जाता सरळ सावलीत जाऊन बसले. सुभेदारांनी एका पाटीला हात लावला. पाटी काढली नाही, नुसता हात लावून उभे राहिले आणि मग मागे फिरले.

त्यांच्या बायको म्हणाल्या, "आवं, पाटी?"

"एका कामाचं दोनदा देत्यात व्हय? खाली तिकीट आन् वर पाटी? राखणदार ठेवल्यात न्हवं. काढतील की."

त्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच उठलेलं नव्हतं. एकटीने गाळात उतरणं त्यांना बरं वाटलं नसावं, कारण त्याही बसल्या.

त्या वर्षी एक नवं जोडपं आलं होतं. नवरी उखाणा पाठ करून आली होती, तिच्या नणंदेने मला तसं सांगितलं. तिला कुणी विचारलंच नाही. तिचं लुगडं जसं आलं तसं कोरं परत गेलं. जाताना ती पाट्यांकडे वळून वळून बघत होती. तो उखाणा काय होता ते मला कधी कळलं नाही.

अण्णांना हे त्याच संध्याकाळी समजलं. ते म्हणाले, "एका दिवसाचं काय एवढं? माघात मजूर लावू. आता आपल्याजवळ पैसे आहेत."

पैसे खरंच होते. पण ते संस्थानच्या खजिन्यात जमा व्हायचे आणि तिथून खर्चायचे तर वरून सही यावी लागायची. ती यायला शिवरात्र उलटून गेली. तोवर मजूर राहिले नव्हते. तरणी मुलं फौजेत भरती झाली होती, उरलेली माधवनगरला गिरणीत गेली होती. शिवरात्रीला आणि चैत्रात डोंगरावर गर्दी नेहमीसारखी झाली, सगळ्यांनी चौकीवर पैसे भरले, देवदर्शन केलं, जेवले आणि उतरले. हे मला आईच्या पत्रांतून साताऱ्याला कळत होतं. राखणदार कामाला चोख होते. त्या वर्षी पाण्यावर कुणी बंदूक घेऊन बसलं नाही, हे अण्णांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

मे महिन्यात मी घरी आले तेव्हा तळ्यात पाणी नव्हतं. चिखल वाळून त्याचे थाळीएवढे तुकडे झाले होते आणि कडा वर वळल्या होत्या. मधोमध थोडी ओल होती, तिच्याभोवती मोरांच्या पायांची नक्षी उमटलेली. करंजाच्या पाट्यांना वाळवी लागली होती. मी एक काढायला गेले तर तिचा तळ माझ्या हातात आला.

तहानलेली जनावरं खाली उतरू लागली. विहिरीवर मोटा चालायच्या, पाटाने पाणी उसाला जायचं, त्या पाण्यावर भेकरं येऊ लागली. पाणी प्यायची, उसात लपायची, कुत्री मागे लागली की ऊस मोडत पळायची. एका सकाळी सुभेदारांच्या मळ्यात गलका झाला म्हणून अण्णा निघाले, मीही गेले. बांधावर भेकर मरून पडलं होतं. कुत्र्यांनी धरलं होतं आणि गड्यांनी काठ्या घातल्या होत्या. सुभेदार बाजूला उभे होते. त्यांनी काठी घेतलेली नव्हती, पण कुणाला अडवलंही नव्हतं.

अण्णा म्हणाले, "सुभेदार, तुम्ही त्या तासगावच्या माणसाला बांधावरून उठवलं होतंत. आठवतं?"

"आठवतं की."

"मग हे?"

सुभेदार अण्णांकडे वळले. "साहेब, तवा ते पाणी आमचं व्हतं. पाण्यावरचं जनावर बी आमचंच व्हतं. आता तिकिटाचं हाय. ज्यानं पैसं घेतलं त्यानं संबाळावं. माझं चुकत आसंल तर सांगा."

 अण्णा खाली बसले, भेकराच्या अंगावरची माती त्यांनी हाताने झाडली आणि उठून घरी आले. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आईने ताट वाढलं, तेव्हा तिने खानावळीचा नि सुनेचा तो दाखला पुन्हा काढला नाही. तिने तो पुढे कधीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपल्या जबाबदारीवर शुल्क थांबवलं. दवंडी पिटवली की डोंगर पहिल्यासारखा मोकळा आहे आणि पाटीची रीत पुन्हा चालू करायची आहे. बुरुडाकडून नव्या पाट्या करवून घेतल्या आणि करंजाला टांगल्या. मग सोमवारी आम्ही तिघं वर गेलो. अण्णांनी धोतराचा काचा मारला आणि कुदळ घेतली. ते खणत होते, आई नि मी पाट्या वाहत होतो. नोकरीत असताना अण्णांना मी टोपीशिवाय घराबाहेर पाहिलं नव्हतं, त्या दिवशी त्यांची टोपी करंजाच्या फांदीला टांगलेली होती.

गावातले लोक आले. येणारच, साहेब स्वतः गाळात उतरलेत म्हटल्यावर. पण ते आले ते संकोचाने. "साहेब, तुमी कशाला? आमी माणसं लावतो," असं म्हणत प्रत्येकाने आपापला गडी उतरवला आणि स्वतः सावलीत अण्णांच्या मानासाठी उभा राहिला. घरच्या बायकापोरांना कुणी आणलं नव्हतं. गड्यांनी दिवसभर काम केलं. पुढच्या सोमवारी गडीही नव्हते. पेरणीआधीची शेतातली कामं होती, कुणी कुणाला बोलवायचं.

त्या दुसऱ्या सोमवारी एकट्या सुभेदारांच्या बायको आल्या. आमच्याबरोबर त्यांनी पाट्या टाकल्या. दमून बसल्यावर आईला म्हणाल्या, "बाई, सवय मोडली का मोडली बगा. माझंच सांगते. आदी ह्यो चढ चढताना मनात पाटी यायची. आता वाटतं, भाकरीबरोबर ठेचा घेतला का न्हाई."

आई म्हणाली, "पण आलात की."

"आले, ते तुमच्यासाटी. पाण्यासाटी न्हवं," त्या म्हणाल्या, आणि खरं बोलल्याबद्दल जरा खजील झाल्या.

झऱ्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. ओल्या वाळूपर्यंत पोचलो. खड्ड्यात ओंजळभर गढूळ पाणी साचायचं, ते मोर संपवायचे. भेकरं पुन्हा त्या वाटेला आली नाहीत.

ज्येष्ठात अण्णांची नोकरी संपली आणि आम्ही सांगलीला बिऱ्हाड केलं. पुढच्याच वर्षी, बेचाळीसात, देशात आणि आमच्या त्या भागात जे पेटलं, त्यात कुणाला तळ्याची आठवण राहणार होती? त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

तुमच्या तिकिटाबद्दलही माझी तक्रार नाही. तुमच्याकडे त्या पैशाने जनावरं जगत असतील तर चांगलंच आहे, आणि कदाचित तुमच्याकडे मोडण्यासारखी एखादी रीत आधी नसेलही. तरी पुढच्या वेळी गेलात, तर तिथल्या रखवालदाराला विचारा की पैसे दिल्यावर आम्हाला हाताने करण्यासारखं काही काम ठेवलं आहे का. नाही म्हणाला तर निदान मुलांकडून पाण्याच्या काठचा कचरा उचलून घ्या. जेवायच्या आधी.

सांगलीला सुभेदार गूळ घेऊन बाजाराला आले की आमच्याकडे आल्याशिवाय राहत नसत. अण्णांना ढेप आणायचे, दोघं ओट्यावर बसायचे. इतर सगळं बोलून झालं की अण्णा विचारायचे, "वर पाटी टाकतात का हो कुणी?"

"टाकत्यात की साहेब," सुभेदार म्हणायचे. "मागल्या सोमवारी समदं गाव व्हतं."

"नवरी-बिवरी?"

"दोन व्हत्या. एकीनं आसा उखाणा घेतला म्हंता, पाटी निसटली नवऱ्याच्या हातनं."

अण्णा "बरं, बरं" म्हणत अडकित्त्याने सुपारी कातरायला घ्यायचे.

माझ्या लग्नाआधी मी एकदा मैत्रिणीच्या घरी कुंडलला गेले होते, तेव्हा डोंगरावरही जाऊन आले. तळ्यात गवत वाढलं होतं. करंजाला अण्णांनी टांगलेल्या पाट्या तशाच होत्या, बांबू उन्हाने काळवंडलेला, पण आतून स्वच्छ. आमचा गाळ पावसाने कधीच धुऊन गेला होता, त्यानंतर एकीलाही नवा गाळ लागलेला नव्हता. परत आल्यावर मी ते आईला सांगितलं. तिने ओट्याकडे बघितलं, तिथे अण्णा आणि सुभेदार बसले होते, आणि मला हळूच म्हणाली, "चहा नेऊन दे दोघांना. दुसरं काही बोलू नकोस."

मी चहा नेऊन दिला. सुभेदार अण्णांना सांगत होते की औंदा झरा लय चांगला लागलाय.